संस्थेत निर्णय नेमका कोण घेतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निर्णयप्रक्रिया या विषयावर बोलायला लागल्यापासून ठरावीक प्रश्न माझ्याकडे फिरून फिरून येतात. विचारणारे बदलतात. कधी नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी असते, कधी विभागप्रमुख, कधी निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. ते प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत इथे ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एकाचा धागा दुसऱ्यात अडकला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

हा विषय मला जवळचा आहे. फसलेल्या निर्णयांच्या मागे जाऊन पाहिलं की मूर्ख किंवा दुष्ट माणसं क्वचितच सापडतात. सापडतात ती शहाणी, कष्टाळू माणसं. त्यांच्या हाती निर्णय आला तेव्हा त्यातला बराचसा आधीच ठरून गेलेला होता.

१. स्वतःपुरता निर्णय आणि संस्थेतला निर्णय यांत फरक तो काय? माणूस तर तोच असतो ना?

माणूस तोच असतो, त्याच्याभोवतीची मांडणी बदलते. स्वतःसाठी ठरवताना माहिती तुम्ही गोळा करता, पर्याय तुम्ही शोधता, पैसा तुमचा असतो आणि परिणामही तुम्हीच भोगता. संस्थेत हे चार तुकडे चार ठिकाणी जातात. माहिती खालून येते. पर्याय कोणीतरी आधीच गाळून ठेवलेले असतात. पैसा दुसऱ्या विभागाच्या खात्यातून जातो. आणि परिणाम ज्याच्या वाट्याला येणार तो त्या खोलीत कधी पाऊलही ठेवत नाही.

म्हणूनच "हा निर्णय कोणी घेतला?" असं विचारलं की सही दाखवली जाते. सही हा अगदी शेवटचा टप्पा आहे. त्याआधीचे तीन प्रश्न मला जास्त कामाचे वाटतात: विषय टेबलावर कोणी आणला, पर्याय कोणी गाळले, आणि चुकलं तर कोणाच्या अंगावर येणार.

२. सगळे पर्याय तपासून सर्वांत चांगला निवडायचा, असं शिकलो. प्रत्यक्षात कोणी असं करतं का?

जवळजवळ कोणीच नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हर्बर्ट सायमन यांनी १९४७ सालीच हे मांडलं. माणसाला सगळे पर्याय माहीत नसतात, प्रत्येकाचे परिणाम मोजण्याएवढा वेळ नसतो, आणि डोकंही एका वेळी मोजकंच धरू शकतं. म्हणून तो मनाशी एक पातळी ठरवतो आणि त्या पातळीला उतरणारा पहिला पर्याय उचलून पुढे जातो. 'सर्वोत्तम' शोधत बसण्याऐवजी 'एवढ्यात भागेल' यावर थांबतो. सायमन यांना १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते संस्थांमधल्या निर्णयप्रक्रियेच्या अभ्यासासाठीच.

यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. पहिली: पर्याय कोणत्या क्रमाने समोर येतात याला फार महत्त्व आहे, कारण भागणारा पर्याय सापडला की शोध थांबतो. दुसरी: 'भागेल' ही पातळी कोण ठरवतं ते पाहा. मुदत परवावर आली असेल तर ती पातळी आपोआप खाली सरकते, आणि सरकली हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

३. माझ्यापर्यंत येणारे अहवाल इतके नीटनेटके असतात, मग निर्णय चुकतात कसे?

नीटनेटके असतात म्हणूनच चुकतात. एक उदाहरण जवळून बघू.

जागेवर काम करणारी इंजिनिअर म्हणते, "सुटे भाग वेळेत आले आणि चाचणी पहिल्या फटक्यात पास झाली तर तीन महिने. नाहीतर सहा. मला स्वतःला सहाचीच भीती वाटते." तिचे वरिष्ठ अहवालात लिहितात, "अंदाजे तीन ते सहा महिने." त्यांच्या वरचे अधिकारी सादरीकरणाचा तक्ता भरतात. तक्त्याच्या चौकटीत एकच आकडा बसतो, म्हणून ते लिहितात "चार". प्रमुखांच्या टेबलावर पोचतो तो हा चार. खोटं कोणीच बोललेलं नाही. पण वाटेत अट गळाली, भीती गळाली, आणि उरलेला आकडा कोणीही कधी उच्चारला नव्हता.

जेम्स मार्च आणि सायमन यांनी १९५८ साली याचं वर्णन 'अनिश्चितता शोषली जाणं' असं केलं. वर जाताना पुरावा मागे राहतो आणि त्यावरून कोणीतरी काढलेला निष्कर्ष पुढे जातो. वरच्या माणसाकडे तो तपासायला काही उरत नाही. त्याला फक्त सांगणाऱ्यावर विश्वास ठेवता येतो, किंवा ठेवायचा नाही असं ठरवता येतं.

माझा उपाय साधा आहे. महत्त्वाच्या प्रत्येक आकड्याबद्दल विचारायचं: "हा पहिल्यांदा कोण बोललं, आणि तेव्हा त्याच्यासोबत कोणते शब्द होते?" त्या माणसाशी थेट बोलायचं असेल तर मधल्या वरिष्ठांना आधी कळवून बोलावं. त्यांना वगळून गेलात तर पुढच्या वेळी खालून काहीच वर येणार नाही.

४. आमचे साहेब "मला आतून वाटतंय" म्हणून ठरवतात. यावर विसंबावं का?

ते कशाबद्दल वाटतंय यावर अवलंबून आहे. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाईन यांनी १९८०च्या दशकात अग्निशमन दलातल्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. आगीसमोर उभे असताना ते पर्यायांची तुलना करत बसत नव्हते. परिस्थिती ओळखीची वाटायची, त्यासरशी एक कृती सुचायची, ती मनातल्या मनात चालवून बघायची, आणि अडली नाही तर करायची. हे अंतर्ज्ञान म्हणजे वर्षानुवर्षं पाहिलेल्या खुणांची साठवण.

दुसऱ्या बाजूला मानसशास्त्रज्ञ डॅनिअल काहनेमन यांनी आयुष्यभर अशा सहज अंदाजांतल्या चुका दाखवल्या. २००९ साली हे दोघं एकत्र लिहायला बसले आणि त्यांचं बरंचसं एकमत झालं. आतून वाटण्यावर विसंबायला दोन अटी हव्यात. त्या क्षेत्रात खुणा आणि परिणाम यांचं नातं टिकाऊ हवं. आणि त्या माणसाला आपले अंदाज बरोबर आले की चुकले हे वारंवार कळलेलं हवं.

हीच फूटपट्टी साहेबांना लावा. वीस वर्षं यंत्रांचे आवाज ऐकणारा माणूस "बेअरिंग जाणार" म्हणाला तर मी यंत्र थांबवीन. तोच माणूस पाच वर्षांनी बाजार कसा असेल हे आतून सांगू लागला, तर आदराने ऐकून आकडेवारी मागेन.

५. नियम एकच, फाईल एकच, तरी दोन अधिकारी दोन निर्णय देतात. असं का?

कारण नियम आणि फाईल यांच्यामध्ये एक माणूस असतो. काहनेमन आणि सहकाऱ्यांनी एका विमा कंपनीत तीच प्रकरणं वेगवेगळ्या तज्ज्ञांना स्वतंत्रपणे दिली. दोन तज्ज्ञांच्या आकड्यांत साधारण १० टक्के फरक पडेल असा व्यवस्थापनाचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो ५५ टक्क्यांच्या आसपास निघाला.

हा पक्षपात नव्हे. पक्षपातात सगळे आकडे एकाच बाजूला झुकतात, इथे ते विखुरतात. हे तुमच्याकडेही आहे का, ते पाहणं सोपं आहे: जुनी पाच-सहा प्रकरणं नावं झाकून चार जणांना द्या, आपापसात बोलू देऊ नका, आणि उत्तरं शेजारी शेजारी ठेवा.

६. लोक परिणामांचा विचार करून ठरवतात, की 'माझ्या पदावरच्या माणसाने काय करायचं असतं' ते बघून?

दोन्ही, पण दुसरं आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त. जेम्स मार्च आणि योहान ओल्सेन यांनी हा फरक नेमका मांडला. एक रीत परिणामांची: कोणत्या मार्गाने काय हाती लागेल? दुसरी औचित्याची: ही परिस्थिती कसली आहे, मी कोण आहे, आणि माझ्यासारख्याने अशा वेळी काय करायचं असतं?

रात्रपाळीची परिचारिका औषधाची मात्रा दोनदा तपासते, हिशेबनीस पावतीशिवाय रक्कम सोडत नाही. दरवेळी कोणी फायदा-तोटा मांडत नाही. आणि हे चांगलंच आहे, कारण दमलेल्या डोक्यालाही भूमिका आठवते. अडचण येते ती भूमिका बदलायला सांगितली की. त्याचं एक दुःखद उदाहरण प्रश्न १२ मध्ये आहे.

७. मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात आणि बाहेर पडल्यावर कुरकुर करतात. आत कोणी का बोलत नाही?

इथे माझीच गोष्ट सांगते. एका संस्थेच्या खरेदी समितीवर मी होते. एक मोठं यंत्र घ्यायचं होतं, दोन पुरवठादार अंतिम यादीत होते. अध्यक्षांनी सुरुवातीलाच म्हटलं, "मला पहिलाच बरा वाटतोय, पण तुम्ही मोकळेपणाने बोला." मग डावीकडून एकेक जण बोलू लागला. माझा नंबर पाचवा. माझ्या फाईलमध्ये देखभाल विभागाचं एक पान होतं: पहिल्या पुरवठादाराचे सुटे भाग यायला आठवडे लागतात. माझा अंगठा त्या पानावर होता, हे मला अजून आठवतं. चौघं "हरकत नाही" म्हणाले. मीही "हरकत नाही" म्हणाले. आठ महिन्यांनी यंत्र एका सीलसाठी सहा आठवडे बंद पडून होतं. बाहेर चहाच्या टेबलाशी कळलं की आणखी दोघांनी ते पान वाचलं होतं.

त्या दिवशी तीन गोष्टी एकत्र घडल्या. अध्यक्ष आधी बोलले. आधीच्या चौघांचं एकमत दिसलं. आणि सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टींवरच चर्चा झाली.

एकमताचं वजन सॉलोमन ॲश यांनी १९५०च्या दशकात मोजलं. समोरच्या रेषांपैकी दिलेल्या रेषेएवढ्या लांबीची कोणती, एवढंच सांगायचं. बाकीचे सगळे, जे खरं तर प्रयोगात सामील होते, ठरवून चुकीचं उत्तर देत. अशा फेऱ्यांमध्ये खऱ्या सहभागींची साधारण एक तृतीयांश उत्तरं गटाच्या मागे गेली. पण गटात एकाने जरी खरं उत्तर दिलं, तरी गटामागे जाण्याचं प्रमाण जवळपास पावपट झालं. मला या प्रयोगातला हा भाग सर्वांत आशादायक वाटतो. बहुमत लागत नाही. एक सोबती पुरतो.

तिसरी गोष्ट गेरॉल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ साली दाखवली. सगळ्यांना माहीत असलेली माहिती गटात पुन्हा पुन्हा बोलली जाते आणि एकट्याकडे असलेली माहिती दबून राहते. आमच्या खोलीत तर ती तिघांकडे होती आणि तिघंही स्वतःला एकटं समजत होते.

म्हणून आता मी तीन गोष्टी करते. चर्चेआधी प्रत्येकाकडून कागदावर मत आणि त्याचं एक कारण घेते. वरिष्ठांना शेवटी बोलायची विनंती करते. आणि "कोणाला काही हरकत?" असं न विचारता "तुमच्या फाईलमध्ये असं काय आहे जे अजून इथे बोललं गेलं नाही?" असं विचारते.

८. मग एकाला मुद्दाम विरोधक नेमला तर?

काही नसण्यापेक्षा बरं. पण तो भूमिका करतोय हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून त्याचं बोलणं सहज झटकता येतं. शार्लन नेमेथ यांच्या अभ्यासात मनापासून वेगळं मत असलेल्या माणसामुळे गटाचा विचार जास्त रुंदावला, नेमलेल्या विरोधकामुळे तितका नाही. तेव्हा आधी खरोखर वेगळं वाटणारा माणूस शोधा. तो बहुधा असतोच, खोलीत बोलावलेला नसतो.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. क्लाईन यांची ही युक्ती आहे: निर्णय अमलात येण्याआधी सगळ्यांना सांगायचं, "एक वर्ष झालं आहे आणि हे सपशेल फसलं आहे. का फसलं ते दहा मिनिटं लिहा." शंका घेणं हेच काम ठरलं की शंका घेणारा कटकट्या ठरत नाही.

९. वरिष्ठ चुकतायत हे दिसतंय. त्यांना सांगायचं कसं?

थेट, लवकर, आणि प्रश्नाच्या आड न लपता. या तिसऱ्या अटीमागे एक भयंकर इतिहास आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ या स्पॅनिश बेटाच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवरच धडकली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाणासाठी निघालेल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानात फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. ते दुसरं विमान अजून बाजूला झालं नाही का, असं त्याने विचारलं. कॅप्टनने ठासून सांगितलं, झालं आहे. विषय तिथेच संपला. कॅप्टन कंपनीच्या सर्वांत अनुभवी वैमानिकांपैकी एक होता.

यानंतरच्या काळात हवाई क्षेत्राने प्रशिक्षणच बदललं. कनिष्ठाने स्पष्ट शब्दांत धोका सांगायचा, वरिष्ठाने तो ऐकून उत्तर द्यायचं, आणि दोन्ही गोष्टींचा सराव करायचा. ऑफिसात हेच असं होईल: "सर, मला काळजी वाटते. कारण हा आकडा मागच्या वर्षीचा आहे. आजची सही थांबवून उद्या सकाळपर्यंत नवा आकडा मागवावा असं मला वाटतं." काळजी, कारण, आणि हातात धरता येईल असा पर्याय, या क्रमाने. "सर, हे जरा बघायला हवं होतं का?" या वाक्यातून काहीच पोचत नाही.

वरिष्ठांसाठीही एक गोष्ट. एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या अभ्यासात आढळलं की चांगल्या चाललेल्या चमूंमध्ये चुकांच्या नोंदी जास्त होत्या. तिथली माणसं जास्त चुकत होती असं नाही, ती न घाबरता सांगत होती. तुमच्याकडे कित्येक महिने एकही वाईट बातमी आली नसेल, तर शांत बसू नका.

१०. सगळ्यांना ईमेल पाठवला, तरी कोणीच काही केलं नाही. लोक बेजबाबदार झालेत का?

नाही. जबाबदारी वाटली गेली आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडीथोडी आली. जॉन डार्ली आणि बिब लटाने यांच्या १९६८च्या प्रयोगात, झटका आलेल्या माणसाचा आवाज ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक झटका थांबायच्या आत मदतीला निघाले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्के. ईमेल एकाच्या नावे पाठवा, त्यात एकच काम आणि एक तारीख लिहा. बाकीच्यांना फक्त माहितीसाठी ठेवा.

११. प्रकल्प बुडतोय हे सगळ्यांना दिसतंय, तरी पैसे ओतणं का थांबत नाही?

कारण थांबवणं म्हणजे "मी चुकलो" असं सही करून देणं. बॅरी स्टॉ यांनी १९७६ साली एक प्रयोग केला. एका कंपनीचा संशोधनाचा पैसा कोणत्या विभागाला द्यायचा हे सहभागींनी ठरवायचं होतं. आपण निवडलेला विभाग घसरल्याचं कळल्यावर त्याच लोकांनी त्याला आणखी जास्त पैसा दिला. पहिली निवड दुसऱ्या कोणाची असेल तर हात आखडता घेतला गेला.

यात तोट्याचं दुःखही मिसळतं. तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा ते साधारण दुपटीने बोचतं, असं काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांच्या कामातून दिसतं. आजचा पक्का तोटा गिळण्यापेक्षा उद्याचा मोठा, पण कदाचित टळेल असा तोटा माणूस पत्करतो.

यातून सुटण्याचं एक उदाहरण मला फार भावतं. १९८५ साली इंटेलचा मेमरी चिपांचा धंदा जपानी स्पर्धेत तोट्यात गेला होता. कंपनी ज्यावर उभी राहिली तोच हा धंदा. कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी गॉर्डन मूर यांना विचारलं: संचालक मंडळाने आपल्याला काढून नवा माणूस आणला, तर तो काय करेल? मूर म्हणाले, तो मेमरीतून बाहेर पडेल. ग्रोव्ह म्हणाले, मग आपणच त्या दारातून बाहेर जाऊन परत येऊ आणि तेच करू. मला यातलं मोठेपण असं दिसतं की उत्तर त्यांना आधीपासून माहीत होतं. त्यांनी फक्त ते उच्चारता येईल अशी जागा शोधली.

संस्था म्हणून करता येण्यासारखं: प्रकल्प सुरू करणाऱ्याकडेच तो चालू ठेवायचा की नाही हा निर्णय ठेवू नका. आणि थांबायची अट सुरुवातीलाच, डोकं थंड असताना लिहून ठेवा.

१२. एक छोटा नियम आम्ही दरवेळी थोडा वाकवतो. कधी काही झालेलं नाही. मग इतकं घाबरायचं कशाला?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, म्हणून उत्तर लांब आहे.

चॅलेंजर हे नासाच्या स्पेस शटल यानांपैकी एक. या यानांच्या घन इंधनाच्या रॉकेटांमध्ये सांध्यांना रबरी कड्या होत्या. त्या झिजायला नको होत्या. पण १९८१ साली, स्पेस शटलच्या दुसऱ्याच उड्डाणानंतर झीज दिसली. यान सुखरूप परतलं होतं. पुढेही अधूनमधून झीज दिसत गेली, यानं परतत गेली. प्रत्येक वेळी 'एवढी झीज चालते' ची रेघ थोडी पुढे सरकली. समाजशास्त्रज्ञ डायन वॉन यांनी याला 'विचलन अंगवळणी पडणं' म्हटलं आहे. कोणी नियम तोडला नाही. नियमच हळूहळू बदलत गेला.

२७ जानेवारी १९८६च्या संध्याकाळी रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर दूरध्वनी परिषदेत होते. उद्याची सकाळ फार थंड असणार होती. तापमान सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर उड्डाण नको, अशी त्यांची शिफारस होती. नासाच्या अधिकाऱ्यांना ती पटली नाही. कंपनीने पाच मिनिटं मागून घेतली, त्याला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात वरिष्ठ व्यवस्थापकाने अभियांत्रिकी विभागाच्या उपाध्यक्षाला सांगितलं: इंजिनिअरची टोपी काढ, व्यवस्थापकाची घाल. शिफारस फिरली. सकाळी सुमारे २ अंश तापमानात चॅलेंजर उडालं आणि ७३ सेकंदांनी हवेतच फुटलं. सातही जण गेले.

त्या टोपीच्या वाक्याकडे नीट पाहा. तापमान, रबर, झीज यांत काहीच बदललं नव्हतं. बदलली ती 'मी कोण आहे' ही गोष्ट (प्रश्न ६). दुसरा बदल त्याहून बारीक होता. एरवी सुरक्षित आहे हे सिद्ध करावं लागे. त्या रात्री असुरक्षित आहे हे सिद्ध करा, असं इंजिनिअरांना सांगितलं जात होतं, अशी भावना त्यांच्यातल्याच रॉजर बॉइजली यांनी नंतरच्या चौकशीत व्यक्त केली. त्यांच्या हातातल्या तुटपुंज्या आकडेवारीवर ते कोणालाच सिद्ध करता आलं नसतं.

१७ वर्षांनी, २००३ साली, कोलंबिया यानाच्या बाबतीत हेच पुन्हा दिसलं. इंधनाच्या टाकीवरच्या उष्णतारोधक फेसाचे तुकडे तुटून यानावर आदळणं अंगवळणी पडलं होतं. पुन्हा सात जण गेले.

तेव्हा वाकवलेल्या नियमाबद्दल इतकंच तपासा: आजची सूट पहिल्या दिवशी मागितली असती तर दिली असती का? 'नाही' असं उत्तर आलं, तर काही न होणं हा तुमचा पुरावा नाही. ते तुमचं आतापर्यंतचं नशीब आहे.

१३. निर्णय विचारपूर्वक घेतला होता, निकाल वाईट लागला. आता दोष माझा का?

निकालावरून निर्णयाची प्रत ठरवणं ही सार्वत्रिक चूक आहे. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ साली दाखवलं की तोच निर्णय, तीच माहिती, फक्त शेवट चांगला किंवा वाईट सांगितला, तर लोकांचं मूल्यमापन बदलतं. तुमच्या बाजूने उभी राहू शकेल अशी एकच गोष्ट म्हणजे त्या वेळची लेखी नोंद (प्रश्न १८). आणि हेच उलटंही लावा: घाईने घेतलेला निर्णय लागून गेला, म्हणून त्याचं कौतुक करू नका. बघणारे त्यातून घाई शिकतात.

१४. समस्या ठरायच्या आधीच उपाय ठरलेला असतो. हे आमच्याकडेच होतं का?

सगळीकडे होतं. मायकेल कोहेन, मार्च आणि ओल्सेन यांनी १९७२ साली कचरापेटीचं प्रतिमान मांडलं. समस्या, उपाय, माणसं आणि निर्णयाच्या संधी हे चार प्रवाह आपापल्या गतीने वाहत असतात आणि एखाद्या बैठकीत योगायोगाने एकत्र पडतात. कोणाच्या तरी खिशात एक प्रणाली असते, ती चिकटवायला तो अडचण शोधत फिरत असतो. अशी बैठक हातात आली तर एवढंच विचारा: "हा उपाय उपलब्धच नसता, तर आपण आज कशाबद्दल बोलत असतो?"

१५. निर्णय पुढे ढकलणं हाही निर्णयच का?

हो. त्याची किंमतही असते, फक्त ती कोणाच्या नावावर पडत नाही. म्हणून घोंगडं भिजत राहतं. अपवाद एकच: थांबल्याने नेमकी कोणती माहिती कधी मिळणार हे सांगता येत असेल, तर थांबा.

१६. वरून आलेला आदेश मला पटत नाही. कुठवर पाळायचा?

चेस्टर बर्नार्ड स्वतः एका टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष होते. १९३८ साली त्यांनी लिहिलं की अधिकार वरून मिळत नाही, खालचे मान्य करतात तेव्हा तो अस्तित्वात येतो. प्रत्येकाच्या मनात एक पट्टा असतो. त्यात बसणारे आदेश तो विचार न करता पाळतो. अहवालाचा रंग, बसायची जागा, बैठकीची वेळ अशा गोष्टी त्यात येतात.

तुमचा आदेश त्या पट्ट्याच्या बाहेर आहे म्हणूनच तुम्ही विचारताय. मग दोन प्रकार वेगळे करा. निव्वळ मतभेद असेल तर एकदा स्पष्टपणे, कारणासह आणि लेखी सांगा. तरीही उलट ठरलं तर मनापासून अमलात आणा. मुद्दाम ढिलं काम करून निर्णय हाणून पाडणं हा विरोध नाही, त्याने पुढच्या वेळचा तुमचा शब्दही हलका होतो. पण आदेशाने कायदा मोडत असेल, कोणाच्या जिवाला धोका होत असेल किंवा खोटी नोंद करावी लागत असेल, तर तिथे पाळणं थांबतं. अशा वेळी एकट्याने उभं राहू नका. प्रश्न ७ मधला एक सोबती आधी शोधा.

१७. संगणकाने शिफारस दिली आणि मी मंजूर केली. निर्णय कोणाचा?

तुमचा, आणि ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. ठरावीक निकषांवर अंदाज बांधायचे असतील तर साधं गणिती सूत्र बऱ्याचदा तज्ज्ञाच्या बरोबरीचं किंवा त्याहून सरस ठरतं, हे पॉल मील यांनी १९५४ सालीच मांडलं होतं. म्हणून "यंत्राला काय कळतंय" हा ताठा नको. पण सूत्राला दिसत नाही अशी गोष्ट तुमच्यासमोर असेल, तर ती नोंदवणं हे तुमचं काम आहे.

खरी अडचण रोजच्या सवयीची. शंभर शिफारशी बरोबर आल्या की एकशे एकावी न वाचता मंजूर होते. त्यानंतर माणूस तिथे फक्त सहीपुरता उरतो. शिफारस बघण्याआधी स्वतःचं मत एका ओळीत लिहायची सवय लावा. दोन्ही जुळले नाहीत तिथे थांबा. आणि तुम्ही सही करण्याआधी वाचायला प्रत्यक्षात वेळ मिळतो का, हे वरिष्ठांना विचारा. दिवसाला तीनशे प्रकरणं असतील तर तो वेळ नाही, आणि मग निर्णय ती संख्या ठरवणाऱ्यानेच घेतलेला आहे.

१८. निर्णयाची नोंद ठेवा म्हणता. इतिवृत्त तर असतंच. वेगळं काय लिहायचं?

इतिवृत्तात काय ठरलं ते असतं. का ठरलं ते वर्षभरात सगळे विसरतात, आणि विसरले हेही विसरतात, कारण मन निकालाला साजेशी आठवण तयार करून ठेवतं. अर्ध्या पानाची नोंद पुरते. आपण काय ठरवलं. कोणते पर्याय सोडले आणि का. कोणती गोष्ट खरी धरून चाललो आहोत. किती खात्री आहे, तेही आकड्यात, म्हणजे 'बहुधा' च्या ऐवजी '७० टक्के'. कोणाचं मत वेगळं होतं, त्यांच्याच शब्दांत. आणि कोणती खूण दिसली तर हा निर्णय पुन्हा उघडायचा.

नोंद त्याच दिवशी लिहा, निकाल लागायच्या आत. वेगळं मत असणाऱ्याला त्याचं वाक्य वाचून दाखवा आणि "बरोबर लिहिलंय ना?" असं विचारा. माझ्या खरेदी समितीत हे केलं असतं, तर कोणीतरी माझ्याकडे वळून विचारलं असतं, आणि मला ते पान उचलावं लागलं असतं.